पिनांगला गाणारा मुलगा

"अगं, तुझे मिस्टर नाही आले?" लिमयेबाईंनी विचारलं.

जहाजाच्या शिडीवरून उतरून आम्ही पिनांगच्या धक्क्यावर रांगेत उभे होतो. सकाळच होती, पण घाम सुटायला लागला होता. लिमयेबाई पुण्याच्या, आमच्याच टूरमधल्या. सिंगापूरहून निघाल्यापासून जेवणाच्या टेबलावर त्या आमच्या समोर बसत. माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे त्यांचं लक्ष पहिल्याच दिवशी गेलं होतं. विचारायला मात्र त्यांनी बंदर येईपर्यंत धीर धरला.

मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "तो जहाजावर असतो. मर्चंट नेव्हीत."

"अय्या! म्हणजे सासऱ्यांबरोबर आलीस? किती छान हो. आमच्या सूनबाईंना सांगायला हवं, असेही सासरे असतात म्हणून."

नाना हसले. लोकांपुढे हसायचं म्हणून ते वरच्या ओठाने हसत, तसं. मीही हसले असेन.

टूरच्या बाईंनी झेंडी वर धरली. मंडळी बसमधून आधी टेकडीवरच्या देवळात जाणार होती, मग किल्ला, मग बाजार. "पाचच्या आत धक्क्यावर हवं बरं का सगळ्यांनी. जहाज कुणासाठी थांबत नाही," असं त्या दोनदा म्हणाल्या. नाना त्यांच्याजवळ गेले आणि आम्ही बसने येत नाही, असं सांगून आले.

"कारण काय सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हटलं, आमची ओळखीची माणसं आहेत इथे."

आमच्या ओळखीचं तिथे कुणी नव्हतं.

दर्शन, माझा नवरा, चार वर्षांपूर्वी शेवटचा उतरला तो याच गावात. मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खात्यात तो ऑइलर होता. जहाज पिनांगला लागलं, सोबतच्या मुलांबरोबर तो गावात आला, खलाशांच्या क्लबात बसला आणि तिथून त्याने मला फोन केला. मिक्सर दुरुस्त होऊन आला का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही आला. तो म्हणाला, त्या माणसाला जरा ओरड. एवढंच आमचं शेवटचं बोलणं. रात्री जहाज निघालं आणि सकाळी दर्शन कामावर आला नाही. जहाजभर शोधलं. मग जहाज उलटं फिरवून समुद्रात शोधलं. कंपनीच्या माणसांनी घरी येऊन सांगितलं, तोल जाऊन पडला असावा.

बरोबरच्या दोन मुलांपैकी एक म्हणत होता, दर्शन आमच्याबरोबरच जहाजावर चढला, मी त्याला डेकवर पाहिलं. दुसरा म्हणत होता, मला नीट आठवत नाही. आईंनी, माझ्या सासूबाईंनी, त्या दुसऱ्याचा शब्द धरून ठेवला. दर्शन जहाजावर चढलाच नाही, तो त्या गावात राहिला. का राहिला? असेल काहीतरी. येईल तेव्हा सांगेल.

मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही. रत्नागिरीत एका लॅबमध्ये मी रक्त घ्यायचं काम करत होते. दिवसभर हातात मोजे असत. तसंच काहीतरी पातळ, रबरी, दर्शन गेल्यापासून माझ्या सगळ्या अंगावर चढलं होतं. कुणी हात धरला तरी तो लांबूनच लागायचा. माझा भाऊ मला माहेरी न्यायला दोनदा येऊन गेला. आई म्हणाल्या, ही गेली तर तो कुणाकडे येईल? मी राहिले. लोकांना वाटलं, काय निष्ठा आहे पोरीची. निष्ठा कसली! उठून निघायलाही अंगात काहीतरी लागतं, ते माझ्यात नव्हतं. वटपौर्णिमा आली की आई साडी काढून द्यायच्या आणि मी वडाला दोरा गुंडाळून यायचे.

आणि मग एक दिवस नानांनी पेपरातली सहलीची जाहिरात आणून माझ्यासमोर धरली. मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. पर्यटन म्हणजे त्यांना गणपतीपुळे माहीत. सिंगापूर, क्रूझ, चार रात्री, आणि खाली बारीक अक्षरात पिनांग.

"एकदा बघून येऊ," ते म्हणाले. "तू चल. मला इंग्रजी येत नाही."

आई आल्या नाहीत. घर बंद ठेवायचं नाही, हा त्यांचा हट्ट. आम्ही निघताना त्या दारात उभ्या राहून नानांना म्हणाल्या, "नीट बघा हां. दाढी वाढवलेली असेल."

धक्क्यातून बाहेर पडलं की पिनांगचं जुनं गाव सुरूच होतं. एक जुना घड्याळाचा मनोरा, पांढऱ्या खांबांच्या सरकारी इमारती, आणि मग दुकानांच्या रांगा. दुकानांवर घरं, आणि दुकानांपुढून सावलीतला पायरस्ता. काही भिंतींचा रंग पोपडे होऊन गळत होता, काही नव्याने रंगवलेल्या होत्या. फुलांनी सजवलेल्या सायकलरिक्षा आमच्या मागे लागल्या. पुढच्या गल्लीत तमिळ गाणी मोठ्याने लागली होती, उदबत्त्या, गजरे, पितळेच्या समया. क्षणभर वाटावं, आपल्याकडच्याच कुठल्या तरी गावात आलोय.

मी घरं बघत होते. नाना माणसं बघत होते. पाठमोरी माणसं जास्त. एखादा समोरून येऊन गेला की ते दोन पावलं पुढे जाऊन वळून बघायचे.

एका चौकात ते अचानक रस्ता सोडून धावत सुटले. समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याने ब्रेक मारला आणि शिवी दिली असावी. नाना पलीकडे पोचून निळ्या शर्टातल्या एका माणसाच्या मागे उभे राहिले. फळांच्या गाडीपाशी उभा होता तो. खांदे खरंच तसे होते, थोडे पुढे झुकलेले.

"दर्शन," नानांनी हाक मारली. मोठ्याने नव्हे. घरात झोपलेल्याला उठवावं तशी.

माणूस वळला. पन्नाशीचा चिनी गृहस्थ होता. हातात कापलेल्या पेरूची पिशवी. नाना "सॉरी, सॉरी" म्हणत राहिले. त्या माणसाला काय वाटलं कोण जाणे, त्याने पिशवी पुढे करून नानांना पेरूची एक फोड दिली. नानांनी ती घेतली आणि खाल्ली.

मी रस्ता ओलांडून त्यांच्याजवळ गेले.

"पाणी देऊ?"

"नको. चल. तो क्लब शोधू."

क्लब एका चर्चच्या मागे होता. पिवळी बैठी इमारत, दारावर नांगराचं चित्र. आत टेबल टेनिसचं टेबल, जुने सोफे, आणि कोपऱ्यात मोबाइल कानाला लावून बसलेली दोन-चार फिलिपिनो मुलं. दर्शनच्या वेळी फोनच्या खोल्या होत्या म्हणे. त्यांत आता खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. मी त्या खुर्च्यांकडे बघत राहिले. इथे उभा राहून त्याने मिक्सरचं विचारलं होतं. काहीतरी वाटेल म्हणून मी थोडा वेळ थांबले. काही वाटलं नाही.

कँटीनच्या खिडकीमागे एक म्हातारी बाई कांदे कापत होती. काळी, ठेंगणी, सुती साडी, गळ्यात छोटा क्रूस. मी इंग्रजीत सांगितलं, आम्ही भारतातून आलोय, चार वर्षांपूर्वी इथे आलेल्या एका मुलाबद्दल विचारायचं आहे. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि बाहेर येऊन आमच्या टेबलाशी बसली. तिचं नाव ज्ञानमणी. सगळे अम्मा म्हणतात, म्हणाली. कँटीन तीच कितीतरी वर्षं चालवत होती.

नानांनी पाकिटातून दर्शनचा फोटो काढून तिच्यापुढे ठेवला. आमच्या लग्नानंतर काढलेला, मला कापून नुसता त्याचा केलेला.

अम्माने चष्मा लावला. फोटो जवळ नेला, लांब नेला. किती पोरं बघितली असतील तिने! मला वाटलं, आता मान हलवेल, सॉरी म्हणेल, आम्ही चहा घेऊ आणि बाहेर पडू.

"यस," ती म्हणाली. "यस, यस. द बॉय हू सँग."

नाना माझ्याकडे बघायला लागले. "काय म्हणते?"

"म्हणते, हा गाणारा मुलगा."

अम्माचा चेहरा खुलला होता. ती भराभर बोलायला लागली आणि मी नानांना मराठीत सांगत गेले. तो इथे याच टेबलाशी बसला होता. टेबलावर ठेका धरून गायला लागला, तर सगळी पोरं भोवती गोळा झाली. फिलिपिनो, युक्रेनची, बर्मी. शब्द कुणाला कळत नव्हते. मलाही कळले नाहीत, पण माझी आमटी करपली. मग तो आत आला, माझ्या हातातून सिलिंडर घेतला आणि बसवून दिला. मी म्हटलं, बाळा, तुझ्या आईने चांगलं वळण लावलंय. तर त्याने बाही वर केली.

अम्माने आपल्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं.

"इथे गोंदलेलं होतं. तुमच्या लिपीत. मी विचारलं काय लिहिलंय, तर म्हणाला, अम्मा."

मी थांबले.

दर्शनने कधी गाणं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आरतीतसुद्धा तो नुसत्या टाळ्या वाजवायचा. मोजकं बोलणारा, चारचौघांत मागे उभा राहणारा माणूस. आणि त्याच्या हातावर काही नव्हतं. दोन्ही हात मला पाठ होते. आमची ओळखच मुळी तो मेडिकलसाठी लॅबमध्ये रक्त द्यायला आला तेव्हा झाली होती. सुई बघून त्याने तोंड फिरवलं होतं, आणि नंतर त्याला बाकावर आडवं करून पाय वर धरावे लागले होते. असा माणूस गोंदवून घेत नाही.

"काय म्हणते?" नानांनी परत विचारलं.

मी सगळं सांगितलं. सिलिंडरचं, बाहीचं, डाव्या हाताचं. एक शब्द गाळला नाही. आणि नाना म्हणतील म्हणून वाट बघत बसले. ते म्हणतील, नाही गो, हा आपला नव्हे. दुसराच कुणीतरी. त्याचे ते बापच होते. त्याला त्यांनी खाडीत पोहायला शिकवलं होतं, पाठीवरच्या तिळापर्यंत त्यांना सगळं माहीत होतं.

नाना टेबलाकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली.

"विचार तिला, गेला कधी? जाताना कसा होता?"

मी विचारलं.

"संध्याकाळी," अम्मा म्हणाली. "जहाज रात्री सुटणार होतं. जाताना माझ्या पाया पडला, तुमच्यात पडतात तसा. मी दारापर्यंत गेले. धक्क्यावर सोडणारी आमची गाडी असते ना, तिच्यात बसला बाकीच्यांबरोबर. गाडीत बसूनसुद्धा गातच होता. कोपऱ्यापर्यंत मला ऐकू येत होतं."

"म्हणजे जहाजावर गेला तो," नाना म्हणाले. "गाडीत बसून गेला. तिने बघितलं स्वतः."

"हो, ती तसं म्हणते."

"इथे राहिला नाही."



अम्माने नानांच्या हातावर हात ठेवला. तिला इतक्यात सगळं कळलं असावं. खलाशांच्या गावातली बाई ती. "हा तुमचाच मुलगा ना?" तिने हळू विचारलं. नानांना एवढं इंग्रजी कळलं.

"यस," ते म्हणाले. "माय सन."

मग ते माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे कोरडे होते, आणि त्यांची अशी नजर मी आधी कधी पाहिली नव्हती. कारखान्यातला पहारेकरी रात्री बॅटरी मारून बघतो, तसे ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"वृषाली, तोच ना?"

त्या क्षणी मला कळलं की त्यांना कळलंय. गाण्याचं, हाताचं, सगळं. ते मुलाला शोधायला आले नव्हते. एवढा पल्ला गाठून ते घरी नेण्यासारखं काहीतरी मिळतं का ते बघायला आले होते. आणि मिळालं होतं. आता फक्त मी हो म्हणायची गरज होती. एकट्याने ते त्यांना पेलणार नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर फोटो परत पाकिटात गेला असता, आम्ही घरी गेलो असतो, आणि पुढच्या ज्येष्ठात आईंनी साडी काढून दिली असती. मी हो म्हटलं तर दर्शन मेला. माझ्या तोंडून.

भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. कोपऱ्यातला एक मुलगा फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होता.

"हो," मी म्हटलं. "तोच."

नानांनी फोटो उचलून पाकिटात ठेवला. अम्माने आम्हाला चहा आणि केळ्याची भजी दिली, पैसे घेतले नाहीत. निघताना नाना वाकून तिच्या पाया पडले. ती वयाने त्यांच्याएवढीच असेल. ती दारापर्यंत आली आणि आम्ही वळेपर्यंत उभी होती.

"भूक लागली गो," बाहेर आल्यावर नाना म्हणाले.

आम्ही एका तमिळ खाणावळीत केळीच्या पानावर जेवलो. नानांनी तळलेला मासा मागवला, भात दोनदा घेतला. चार वर्षांत मी त्यांना असं जेवताना पाहिलं नव्हतं. मग समुद्राकडे गेलो. तिथे पाण्यात खांब रोवून त्यांवर लाकडी घरं बांधलेली आहेत, फळ्यांच्या लांबच लांब गल्ल्या. एका फळीवर आम्ही पाय सोडून बसलो. खाली चिखलात भरतीचं पाणी चढत होतं. समोर, दूर, मालाची जहाजं उभी होती.

"नाना," मी म्हटलं, "त्या हाताचं..."

"कुठल्या हाताचं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते जहाजांकडे बघत होते.

"काही नाही."

"घरी मी बोलेन," ते म्हणाले. "तू नुसती जवळ उभी राहा."

पाचच्या आधीच आम्ही धक्क्यावर पोचलो. जेवताना लिमयेबाईंनी विचारलं, "भेटली का ओळखीची माणसं?" नाना म्हणाले, "भेटली. फार चांगली आहेत." आणि किल्ला कसा होता, ते त्यांनाच विचारत राहिले.

त्या 'हो'पासून माझं पुढचं आयुष्य निघालं. पळसाच्या पानांचा देह करून नानांनी दर्शनला अग्नी दिला. कायद्याची वर्षं भरल्यावर कोर्टाचा कागद आला. नंतर नानांनीच खेडचं स्थळ आणलं. पहिली बायको वारलेला, शांत माणूस, पंचायत समितीत नोकरीला. लग्नात माझ्या भावाशेजारी पाटावर नाना बसले होते. आता मला एक मुलगी आहे, दहावीला. नाना गेल्या वर्षी गेले. त्या दुपारबद्दल आम्ही दोघं पुन्हा कधीही बोललो नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी आम्ही घरी पोचलो त्या दिवशीचं सांगायला हवं.

आई मागच्या पडवीत बसून सुकट निवडत होत्या. आम्ही आलेलं त्यांना कळलं होतं, पण त्या उठल्या नाहीत. मीच पाण्याचा तांब्या आणून नानांना दिला. नाना पायरीवर बसले. मी खांबाला टेकून उभी राहिले, त्यांनी सांगितलं होतं तशी.

"भेटलं एक माणूस," नाना म्हणाले. "त्याला बघितलेलं."

आईंचे हात चालूच होते. डोकी एका बाजूला, सुकट दुसऱ्या बाजूला.

नानांनी सगळं सांगितलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. टेबल, भोवती जमलेली पोरं, करपलेली आमटी. सिलिंडर. हातावरचं गोंदण. पाया पडला ते. गाडीत बसून धक्क्यावर गेला ते. "गातच गेला," ते म्हणाले. "मजेत होता शेवटपर्यंत. त्याला काही दुःख नव्हतं. जहाजावर गेला आणि मग... जे काय झालं ते समुद्रात झालं. त्या गावात तो नाही. मी बघितलं सगळं गाव."

"गायचा?" आईंनी विचारलं.

"हो. ती बाई म्हणाली."

"आणि हातावर माझं नाव होतं?"

"आई असं लिहिलेलं होतं."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. "तूपण ऐकलंस?"

"हो, आई," मी म्हटलं. "मीच सांगितलं नानांना मराठीत."

 आईंनी सूप थोडं हलवलं आणि परत निवडायला लागल्या.  शेजारच्यांची कोंबडी पडवीत चढली, ती हाकलायलाही कुणी उठलं नाही.

"अहो," आई म्हणाल्या, "तो दुसऱ्या कुणाचा तरी."

नाना खाली बघत राहिले.

"आपल्याकडचाच कुठलातरी असेल. मालवणचा, हर्णैचा. आई लिहिलंन म्हणजे आपलाच कुणीतरी." त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. "त्याच्या आईला माहीत असेल का हो? तो तिथे जाऊन एवढा गायला ते? त्या बाईच्या पाया पडला ते? पोरं घरी येऊन असलं काही सांगत नाहीत. कुणीतरी कळवायला हवं तिला."

नानांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलायला लागले. आईंनी त्यांच्याकडे बघितलं, आणि सूप बाजूला सरकवलं.

"भटजींना विचारून या," त्या म्हणाल्या. "कधीचा दिवस बरा आहे ते."

तेव्हा मला रडू आलं. दर्शन गेल्यापासून पहिल्यांदा. सुरुवातीला आवाज माझाच आहे हे मला कळलं नाही. मी खांबाशीच खाली बसले. आई सरकत माझ्याजवळ आल्या. हात सुकटीचे होते म्हणून त्यांनी ते लांब धरले, आणि मनगटाने माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.